खानापुरात माडाला पोतं कशाला?

प्रश्न : मुलगा जर्मनीत, म्युनिकजवळ राहतो. त्याच्या दारात पामचं झाड आहे. थंडीत तो ते गुंडाळून ठेवतो, हे व्हिडिओ कॉलवर बघितलं. म्हणून आम्हीही डिसेंबरात परसातल्या तीन वर्षांच्या नारळाच्या शेंड्याला प्लॅस्टिक आणि वर पोतं बांधलं. आता मधली सुरळी (अजून न उघडलेलं पान) काळपट दिसतेय. आणखी एक पोतं बांधू का?
– एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, आधी ते प्लॅस्टिक सोडून या, मग पुढचं वाचा.

मुलाकडचं झाड बहुधा ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी असणार. पंख्यासारखी पानं, खोडावर काथ्यासारखे तपकिरी केस. मूळचं चीनकडचं, उणे १० अंशही सोसतं. त्याचा एक भाऊबंद आपल्या उत्तराखंडातल्या कुमाऊंत, पिथोरागडच्या बाजूला, बर्फ पडणाऱ्या डोंगरांवर वाढतो. जर्मनीत गुंडाळतात ते थंडीसाठी, तसंच शेंड्यात पाणी साचून गोठू नये म्हणूनही.

नारळ समुद्राकाठचा गडी. आपल्याकडे पहाटे पारा १२-१३ वर आला तर तो मरत नाही, नुसता रुसतो. नवी झावळी अडून बसते, जुन्या पिवळट पडतात. फेब्रुवारीत उन्हं तापली की गाडी सुरू.

तुमच्या माडाला थंडीनं नाही, कोंडलेल्या ओलीनं धरलंय. माडाला कोंब एकच. तो कुजला की संपलं; आंब्यासारखी बाजूनं फांदी फुटत नाही. सुरळी हलकेच ओढून बघा. घट्ट असेल तर तुम्ही सुटलात, उघडी ठेवा एवढंच. हातात आली, बुडाशी लिबलिबीत आणि घाण वासाची निघाली, तर धारदार सुरीनं पांढरा निरोगी गर लागेपर्यंत खरवडा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून एकत्र करा. झाली बोर्डो पेस्ट. बादली प्लॅस्टिकची घ्या, लोखंडाची नको. पेस्ट लावून वर मडकं सैलसर पालथं घाला, हवा खेळती राहू दे. कोंब दिसला की काढा.

बुंध्याशी कच्चं शेण मात्र टाकू नका. बेळगावात, टिळकवाडीत माझा माड तसाच गेला. ढिगात गेंडा भुंग्याच्या अळ्या, आणि वर झावळ्या कात्रीनं त्रिकोण कापल्यागत. सौभाग्यवती अजून ऐकवतात.

आणि मिरगाआधी शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचंच, पण पेस्टपेक्षा खूप पातळ) फवारणी चुकवू नका. कोंबकुजीचे खरे दिवस पावसाळ्याचेच, आणि खानापूरचा पाऊस मी तुम्हाला काय सांगू!