थाई बेसिल बियांपासून घरी कसं वाढवायचं आणि पानं कधी, कशी तोडायची?

तुम्ही लिहिलंय की जळगावला फ्लॅटच्या गॅलरीत दोनदा थाई बेसिल पेरलं. एप्रिलमधलं करपून गेलं, जुलैमधली रोपं उगवून एकेक करत आडवी झाली. त्यातलं एकच वाचलं, ते आता दीड फूट सरळसोट वाढलंय, मंजिऱ्या आल्यात आणि पानं तोडावीत की नाही हे कळत नाही. मी भुसावळची. सहा वर्षं झाली, गच्चीवर दरवर्षी आठ-दहा कुंड्या लावते. तुमच्या दोन्ही वेळच्या चुका मी केलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बियाणं. थाई बेसिल म्हणजे थायलंडमध्ये ज्याला 'होरापा' म्हणतात ते. आपल्या सब्जाच्याच जातीतलं झाड आहे, म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. पिझ्झावर घालतात ते इटालियन बेसिलही त्याच जातीचं. थाई बेसिलची खूण म्हणजे चौकोनी जांभळट खोड, निमुळती टोकदार पानं, जांभळ्या मंजिऱ्या आणि पान चुरगाळलं की येणारा बडीशेपेसारखा वास. इटालियनची पानं रुंद, वाटीसारखी फुगीर असतात आणि फुलं पांढरी. एका वर्षी मी आणलेल्या पाकिटावर नाव थाई बेसिलचं होतं आणि आत निघालं इटालियन. दोन महिने पाणी घातल्यावर ते लक्षात आलं. तेव्हापासून मी वाणाचं नाव छापलेलं पाकीटच घेते. 'सियाम क्वीन' हा यातला भरवशाचा वाण, १९९७ साली त्याला अमेरिकेतला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नव्या वाणांसाठीचा) पुरस्कार मिळाला होता. वाण्याकडचा सब्जा पेरला तर उगवेल, पण ती चव मिळणार नाही.

आणखी एक. तुम्हाला हे 'पॅड कप्राव' या थाई परतलेल्या पदार्थासाठी हवं असेल तर थांबा. त्यात होरापा पडतच नाही, त्यात 'कप्राव' पडतं आणि ते आपल्या तुळशीच्या जातीचं आहे, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. होरापा लागतो तो हिरव्या-लाल करीला.

आता वेळ. बेसिलबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांना भीती गारठ्याची, म्हणून ते सांगतात दिवसभर ऊन द्या, उन्हाळ्याच्या तोंडावर पेरा. आपल्या खान्देशात हेच केलं की एप्रिलमध्ये तुमचं झालं तसं होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकलेला असतो आणि गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो. बी उगवलं तरी त्याचं केसाएवढं मूळ वरच्या अर्ध्या इंचात असतं आणि तो अर्धा इंच दुपारी बारापर्यंत कोरडाठाक होतो.

माझ्या दोन पेरण्या ठरलेल्या आहेत. पहिली मृगाचा पाऊस पडून हवा जरा निवली की, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दुसरी जानेवारी संपताना, रात्रीचा गारठा ओसरला की. मृगातली पेरणी श्रावणात कानबाईच्या सणाच्या सुमारास चांगली तोडणीला येते. जानेवारीची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये भरभरून देते, पण पुढचं ऊन सोसायला तिला सावली करावी लागते.

पेरताना एक गोष्ट मी चुकले होते ती सांगते. मेथी-धने भिजवून पेरतो तसं हे बी मी रात्रभर भिजत घातलं. सकाळी वाटीत फालुद्यातला सब्जा! प्रत्येक बियाभोवती निळसर-पांढरा बुळबुळीत थर, सगळ्यांचा मिळून एक गोळा. तो मातीत पसरता येईना, जिथे पडला तिथे वीस रोपं एकाला एक चिकटून उगवली आणि सोडवताना मुळं तुटली. बी कोरडंच पेरायचं. भिजवण्याचं काम ते मातीत स्वतःच करतं, पाणी शिंपडलं की पाच-दहा मिनिटांत तो निळसर थर दिसायला लागतो. तो दिसला म्हणजे पाणी पुरेसं झालं.

रोपासाठी मी काळी माती अजिबात वापरत नाही. ती भिजली की चिखल आणि सुकली की भेगा, त्या भेगेत कोवळं मूळ तुटतं. धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत अर्धं-अर्धं, पसरट ट्रेमध्ये. बी वर टाकायचं आणि वरून जेमतेम झाकेल इतकीच भुरभुर, अर्ध्या सेंटीमीटरहून कमी. खोल गाडलं तर येत नाही. पाणी फवाऱ्याने, धारेने नको. या हवेत पाच ते आठ दिवसांत उगवण होते. आधी दोन अर्धगोल गुळगुळीत दलं (बियातली पहिली पानं) येतात, ती सगळ्या बेसिलची सारखीच दिसतात, त्यावरून जात ओळखायला जाऊ नका. जांभळट रंग खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावर खोडावर चढतो.

जुलैमध्ये तुमची रोपं आडवी झाली ती मर लागून. बुडाशी, मातीला टेकतो तिथे, खोड काळपट आणि दोऱ्यासारखं बारीक झालं असेल, आठवून बघा. पावसाळी हवा, दाट पेरणी आणि रोज संध्याकाळी पाणी, एवढं जमलं की बुरशीला आणखी काही लागत नाही. उपाय साधे आहेत. बिया विरळ टाका. ट्रे पावसाच्या झडीखाली ठेवू नका, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवा. पाणी सकाळी द्या आणि वरचा थर सुकायला लागल्याशिवाय पुन्हा देऊ नका. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओल आहे पण चिखल नाही, तीच अवस्था ट्रेमध्ये हवी. एखादं रोप पडलं तर ते भोवतालच्या मातीसकट उचलून टाका.

तीन-चार आठवड्यांत खऱ्या पानांच्या तीन जोड्या झाल्या की कुंडीत हलवायचं, एका कुंडीत एकच रोप, कुंडी दहा इंची. इथे मात्र काळी माती चालते, तिच्याबरोबर तेवढीच नदीची वाळू आणि तेवढंच जुनं शेणखत. वाळू कमी केलीत तर ऑगस्टमध्ये कुंडीत पाणी साचून मुळं कुजतील. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळावं आणि दुपारी सावली. गॅलरी पूर्वेची असेल तर याहून चांगलं काही नाही. पश्चिमेची असेल तर मार्चपासून हिरवी शेडनेट बांधा आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

केळीच्या सालींचं पाणी घालायची आपल्या जिल्ह्यात फार हौस आहे, साहजिकच आहे. पण त्यात मुख्यतः पालाश (पोटॅश) असतं आणि इथे आपल्याला पानं हवीत, म्हणजे नत्र. शिवाय त्या पाण्यावर चिलटं फार होतात. त्यापेक्षा दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे. युरिया नको, पानं मोठी होतात पण वास उणा होतो, आणि वासासाठीच तर हे झाड लावायचं. बोअरचं पाणी देत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरा खार चढतो, तेव्हा पावसाचं पाणी साठवून अधूनमधून कुंडी त्याने भरपूर धुऊन काढा, पाणी खालून वाहून जाईल इतकं.

कपाशीच्या पट्ट्यात राहतो आपण, त्यामुळे पांढरी माशी येणारच. पानाच्या मागच्या बाजूला बघायची सवय ठेवा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, काहीही असो, मी आधी नळीने पानांच्या मागून जोरात पाणी मारते. त्याने भागलं नाही तर साबणाचं सौम्य पाणी संध्याकाळी फवारायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. खायची पानं आहेत, औषधाची बाटली हातात घेऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न, तोडण्याचा. आपल्या घरात तुळशीचं पान तोडायलाही नियम असतात. द्वादशीला नाही, रविवारी नाही, सांजेला नाही, नखाने नाही. तो हात या झाडालाही अडखळतो. मी पहिल्यांदा कात्री घेतली तेव्हा माझ्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तुयशीले कात्री लावस का व माय!" मी त्यांना पान चुरगाळून हुंगायला दिलं. बडीशेपेचा वास आला तेव्हा त्यांची खात्री पटली की ही तुळस नव्हे. तुळशीचा मान तुळशीला, वृंदावनात. हे भाजीचं झाड आहे आणि ते कापल्यानेच वाढतं. भीत-भीत बुडाचं एखादं पान तोडत राहिलं तर झाड तुमच्या रोपासारखं काठी होतं. खालची मोठी पानंच त्याचं पोट भरतात, आपण तीच काढून घेतो आणि शेंड्याला मोकळं सोडतो.

रोप वीतभर झालं, पानांच्या चार जोड्या दिसल्या की शेंडा खुडायचा. नेमकं कुठे ते जवळून बघा. पानांची जोडी खोडाला जिथे मिळते तिथे, दोन्ही पानांच्या बगलेत, बाजरीच्या दाण्याएवढे दोन हिरवे कोंब बसलेले असतात. त्या जोडीच्या वर, अर्धा सेंटीमीटर सोडून, खोड कापायचं. शेंडा गेला की ते दोन कोंब जागे होतात आणि आठवड्याभरात दोन फांद्या निघतात. त्या दोन्हींचे शेंडे पुढे असेच खुडले की चार, मग आठ. श्रावण संपेपर्यंत कुंडीत गोल झुडूप उभं राहतं. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका, आणि पुढची तोडणी दोन-तीन आठवड्यांनी.

मंजिरी दिसली की ती खुडाच. फुलावर गेलं की झाड पानं काढायचं कमी करतं, खोड लाकडासारखं व्हायला लागतं. खुडलेल्या कोवळ्या मंजिऱ्या टाकून देऊ नका, पानांसारख्याच वापरता येतात.

तोडणी सकाळी, दव वाळल्यावर. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्या गारव्याने पानं काळी पडतात. डहाळ्या पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवल्या तर चार-पाच दिवस टिकतात. कोणाला द्यायच्या असतील तर मी केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून देते. स्वयंपाकात इटालियनपेक्षा याचा वास आचेवर जास्त टिकतो, तरी गॅस बंद करताना घालावं. हिरव्या करीत थाई लोक लहान वांगी घालतात. आपलं भरताचं वांगं तिथे नको, ते विरघळून जातं. छोटी काटेरी वांगी चार फोडी करून घाला, छान लागतात. भरतात मात्र मी हे कधी घालत नाही. भरताला कांद्याची पात आणि कोथिंबीरच हवी.

दिवाळीनंतर वाढ मंदावेल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, त्या रात्री कुंडी घरात घ्या, नाहीतर पानांवर काळे डाग पडतात. पुढच्या वर्षीसाठी बी हवं असेल तर एक-दोन मंजिऱ्या झाडावरच तपकिरी होऊ द्या, मग तळहातावर चोळून बारीक काळं बी फुंकून घ्या. फक्त शेजारी सब्जा किंवा इटालियन बेसिल फुलावर असेल तर मधमाश्या दोन्हींचे पराग एकत्र करतात आणि पुढची रोपं धड इकडची ना तिकडची निघतात. त्या मंजिरीवर फुलं उमलायच्या आधीच मलमलची छोटी पिशवी बांधून ठेवा.

आणि तुमचं ते एकटं उरलेलं रोप उपटू नका. बुडापासून पानांच्या तीन जोड्या मोजा, तिसऱ्या जोडीच्या वर कापा. खाली हिरवी पानं राहिलीच पाहिजेत, नुसत्या लाकडाला फुटवे क्वचितच येतात. वरचा जो भाग हातात येईल त्याच्या मंजिऱ्या काढून बोटभर लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाची खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात खिडकीत ठेवा, ऊन थेट लागणार नाही असे. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की कुंडीत लावा, म्हणजे नवीन बी न पेरता एकाची चार रोपं होतील. आणि काढलेली खालची पानं आज रात्रीच्या करीत घाला.