वडिलांची एमएम ५४०: कर्ज काढून नवी करावी, की आहे तशी विकावी?

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याचे एक वाचक, वय ३८, नोकरदार. वडिलांची १९८८ ची महिंद्रा एमएम ५४० घराच्या शेडमध्ये २०१७ पासून उभी आहे. वडील आता नाहीत. आरसीची मुदत २०१८ मध्ये संपली. एका व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत १,४०,००० रुपये देऊ केलेत. गॅरेजने पूर्ण काम करायला ८,५०,००० सांगितले. वाचकांना काम स्वतः घरी करायचे आहे. त्यांचा अंदाज दुरुस्तीला ४,१०,००० आणि गाडी आधुनिक करायला १,९०,००० असा आहे, त्यात थारचे सीआरडीई (आधुनिक कॉमन रेल डिझेल) इंजिन, पॉवर स्टीअरिंग आणि पुढचे डिस्क ब्रेक येतात. निम्मे पैसे मुदत ठेवीतून आणि ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी, असा विचार आहे. हातात पगार ९२,०००, घरखर्च ३८,०००, गृहकर्जाचा हप्ता २३,०००, एसआयपी १५,०००. मुदत ठेवी एकूण ७ लाख. मुलीचा अकरावीचा प्रवेश दोन वर्षांवर. आयुर्विमा फक्त कंपनीचा.

माझे मत आधी सांगतो. गाडी ठेवा आणि घरीच करा. पण कर्ज काढू नका आणि इंजिन बदलू नका. काम अशा टप्प्यांत करा, की प्रत्येक टप्पा संपला की गाडी चालती असेल. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. गंजलेली पण चालू जीप विकता येते, पूर्ण केलेली जीपही विकता येते. चेसिस (खालचा सांगाडा) एकीकडे, टब (वरची पत्र्याची बॉडी) भिंतीला टेकवलेला आणि नट-बोल्ट डब्यांत भरलेले, अशा जीपला मात्र भंगाराच्या आसपासचा भाव येतो. तीन लाख घालून झाल्यावर घरात अडचण आली, तर नेमकी हीच अवस्था तुमच्या वाट्याला येईल.

आता पैसे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ६१,००० लागतात. सहा महिन्यांचे ३,६६,००० हा आणीबाणीचा निधी, त्याला हात लावायचा नाही. मुलीच्या प्रवेशासाठी १,५०,००० वेगळे धरू. ७ लाखांतून हे वजा जाता १,८४,००० उरतात. जीपसाठी आज तुमच्याकडे खरोखर मोकळे आहेत ते एवढेच. ठेव एकच मोठी असेल तर ती मोडताना व्याजात कपात होते, म्हणून मुदत संपेल तेव्हा तिचे तीन-चार तुकडे करा.

तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १०,१०० रुपये बसतो आणि तीन वर्षांत व्याज जाते जवळपास ६४,०००. तुमच्याच यादीत टबच्या पत्र्याला ७५,००० धरलेत. म्हणजे टबचा बहुतेक खर्च बँकेला द्यायचा, तोही गाडी लवकर सुटी व्हावी एवढ्यासाठी. शिवाय हप्ता सुरू झाला की कामाची घाई होते, आणि जुन्या गाडीच्या कामात घाईच सर्वांत महाग पडते.

पगारातून दरमहा १६,००० शिल्लक राहतात. त्यातले ४,००० टर्म इन्शुरन्स आणि आरोग्य विम्याच्या टॉप-अपसाठी ठेवा. डोक्यावर गृहकर्ज असताना फक्त कंपनीच्या विम्यावर विसंबू नका, नोकरी गेली की तोही जातो. उरलेले १२,००० जीपचे. एसआयपी थांबवायची नाही.

तुमच्या ४,१०,००० च्या यादीत चेसिस-सस्पेन्शन ७०, ब्रेक-ॲक्सल ४५, इंजिन-पंप ८५, क्लच-गिअरबॉक्स ३०, वायरिंग २५, टब ७५, रंग ४५ आणि टायर ३५ हजार आहेत. यादी चांगली आहे, पण तीन गोष्टी राहिल्या. उघडल्यावर दिसणाऱ्या कामासाठी २५ टक्के धरा, म्हणजे १,०२,५००. हत्यारे ३०,०००: चांगला सॉकेट सेट, टॉर्क रेंच, इंजिन उचलायला चेन पुली, जाड जॅक स्टँड. वेल्डिंग मशीन विकत घेऊ नका, वेल्डरला दिवसावर बोलवा. कागदपत्रे, विमा आणि टोइंगला ६०,०००. एकूण ६,०२,५००. यातून १,८४,००० वजा करून उरलेले दरमहा १२,००० ने भागले, तर ३५ महिने. म्हणजे जवळपास तीन वर्षे. ऐकायला लांब वाटते, पण पहिल्या सहा-सात महिन्यांतच गाडी रस्त्यावर येऊ शकते.

पाना हातात घेण्याआधी कागद. मृत्युपत्र नसेल तर गाडी एकट्या तुमची नाही. आई आणि बहीणही वारस आहेत. दोघींचे ना-हरकत शपथपत्र घ्या आणि फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करा. मन कितीही जुळलेले असले तरी दुसऱ्याचा हिस्सा असलेल्या वस्तूत सहा लाख घालू नयेत. त्यानंतर फॉर्म २५ ने नोंदणीचे नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या हलक्या चारचाकीसाठी हे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. त्यावर पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्क येते. उशिराचे शुल्क महिन्यांवर मोजले जाते आणि तुमची मुदत २०१८ मध्येच संपली आहे, म्हणून नेमका आकडा आरटीओतून आधी काढा. तो ६०,००० मध्ये बसत नसेल तर वरचा हिशेब पुन्हा मांडा.

नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे चेसिस नंबर पाहतात. म्हणून चेसिसवर ठोकलेला नंबर पहिल्याच दिवशी शोधा. वायर ब्रशने हलक्या हाताने साफ करा, फोटो काढा, कागद ठेवून वर पेन्सिल घासून ठसा घ्या आणि ग्रीस लावून वरून टेप मारा. सँडब्लास्टिंगवाल्याला तो भाग बोटाने दाखवून सांगा. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला किंवा त्यावर वेल्डिंगचा पॅच बसला, तर चांगली गाडी कागदावर संशयित ठरते आणि ते निस्तरण्यात महिने जातात.

इंजिन बदलू नका, याचे पहिले कारणही कागदाचेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच प्रकारचे इंजिन परवानगी घेऊन बसवता येते. ६२ अश्वशक्तीच्या जागी १०५ अश्वशक्तीचे कॉमन रेल इंजिन हा वेगळाच प्रकार झाला. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते, आणि उद्या गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतो.

दुसरे कारण यांत्रिक. आधुनिक करण्याच्या १,९०,००० मध्ये तुम्ही १,४०,००० धरलेत ते इंजिन आणि पाच गिअरच्या बॉक्सचे. त्यामागून ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि त्याची वायरिंग, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, नवे माउंटिंग, डिझेलची परतीची लाईन, आणि गिअरबॉक्सची लांबी बदलल्यामुळे पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा, हे सगळे येते. एवढे करूनही वाढलेली ताकद जाते ती जुन्याच ॲक्सलवर, आणि पुढे डिस्क बसवले तरी मागे राहतात जुनेच ड्रम. मूळ पूजो डिझेल इंजिन साधे आहे, आणि जुन्या डिझेल इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री ते उघडून पुन्हा बसवू शकतो. आणखी एक गोष्ट: पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी आहे. ती रोजच्या वापरासाठी नाही आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेल्या गाडीला मिळत नाही. तुमची जीप २०३८ मध्ये पन्नाशीत येईल. तो दरवाजा आज स्वतःहून बंद का करायचा?

पॉवर स्टीअरिंग मी काढून टाकत नाही, फक्त शेवटी ढकलतो. आधी टाय रॉड एंड, किंग पिनचे बेअरिंग आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश नवे करा. जड आणि भटकणारे स्टीअरिंग बहुतेक वेळा या झिजेमुळेच असते. एवढे करूनही हवे असेल, तर आरटीओत विचारून बसवा. स्टीअरिंग बॉक्सखाली चेसिसला आतून प्लेट मारून घ्या, नाहीतर जास्त ओढीने तिथेच तडा जातो. डिस्क ब्रेकचे २०,००० सध्या राहू द्या. नव्या सिलिंडरचे, नीट ॲडजस्ट केलेले ड्रम या वजनाच्या आणि वेगाच्या गाडीला पुरतात.

पहिल्या टप्प्यासाठी हिशेब असा: कागद ६०, हत्यारे ३०, ब्रेक ४५, वायरिंग २५, टायर ३५ आणि पंप-नोझलला २० हजार, मिळून २,१५,०००. हातातले १,८४,००० आणि तीन महिन्यांचे ३६,००० मिळून २,२०,००० होतात, म्हणजे हा टप्पा कर्जाशिवाय निघतो.

पण आधी एक आठवडा फक्त तपासणी करा. स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी घेऊन गाडीखाली जा. मागचा क्रॉस मेंबर, पाट्यांचे शॅकल जिथे बसतात ती जागा आणि टबचे माउंटिंग ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर तो भाग कापून नवा लावावा लागेल, आणि ते काम रस्त्यावर येण्याआधीचे. चेसिस बऱ्याच ठिकाणी पोकळ निघाली, तर १,४०,००० घेऊन मोकळे व्हा. हा निर्णय पहिल्या आठवड्यात स्वस्त पडतो, दहाव्या महिन्यात नाही.

इतकी वर्षे उभ्या इंजिनाला थेट सेल मारू नका. डिपस्टिकवरचे ऑइल बघा. दुधाळ असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या रिंगमधून पाणी ऑइलमध्ये गेले आहे, आणि मग इंजिन उघडणे टळत नाही. ऑइल चांगले असेल तर ग्लो प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडले तर जोर करू नका, आणखी ऑइल सोडून थांबा. फिरले की ऑइल आणि फिल्टर बदला, डिझेल टाकी उतरवून धुवा, लाईनमधली हवा काढा. पंप आणि नोझल डिझेल पंपवाल्याकडे कॅलिब्रेट करून घ्या. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचे झाकण उघडून बघा. धुराचे भपके येत असतील आणि चार सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल, तरच ओव्हरहॉल. नाहीतर इंजिनाच्या ८५,००० मधले पंपाचे २०,००० सोडून बाकीचे वाचले.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडून खराब होतात. अशा सिलिंडरला नुसती किट टाकली तर नवे रबर काही आठवड्यांत खरवडते आणि गळती सुरू होते. सिलिंडर, होज आणि ब्रेक पाइप सगळे नवे घ्या. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी तो टाकायचाच. वायरिंग पूर्ण नवी घ्या, हेडलाईटला रिले टाका. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा.

नोंदणी हातात आली की दुसरा टप्पा पाटे, स्टीअरिंग, क्लच आणि गिअरबॉक्सचा. टब आणि रंग सर्वांत शेवटी आणि एकत्र. रंग लवकर करण्याचा मोह फार होतो, पण नंतर निघणाऱ्या प्रत्येक कामात त्यावर ओरखडे पडतात. फ्लोअरला १६ गेजचा पत्रा लावा. चेसिस आणि ॲक्सलला सँडब्लास्टिंग चालते, पण टबचा पातळ पत्रा त्याने वेडावाकडा होतो, तो हाताने आणि पेंट रिमूव्हरने साफ करावा. ब्लास्ट केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारला नाही, तर दुसऱ्या सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. रंग मूळचाच ठेवा. बदलायचा असेल तर आरसीतही बदलून घ्यावा लागेल.

जाहिरातींत अशा जीप सहा-सात लाखांना दिसतात, असे तुम्ही लिहिले आहे. तो मागितलेला भाव आहे. सहा लाख खर्च, आज सोडलेले १,४०,००० आणि तीन वर्षांचे रविवार जमेला धरले तर यात नफा नाही. स्वतःच्या वापरातली गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे विक्रीत फायदा झाला तर कर नाही आणि तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही. म्हणून हे गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका. वडिलांची गाडी पुन्हा सुरू करण्याचा हा खर्च आहे, आणि वरच्या मर्यादेत तो तुम्हाला परवडतो.

विम्याचेही समजून घ्या. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर दाव्यात ५० टक्के घसारा कापतात. प्रत्येक सुट्या भागाचे जीएसटी बिल आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा. विमा रक्कम ठरवताना हीच फाइल सर्वेअरपुढे ठेवायची आहे.

या आठवड्यात दोनच कामे करा: आरटीओतून थकीत शुल्काचा आकडा काढा आणि बहिणीला फोन करा. दोन्ही मार्गी लागेपर्यंत एकही भाग खरेदी करू नका.