भाऊ फौजेत बॉर्डरवर आहे, फोनवर 'आता जगून काय करू' म्हणतो. कोणाला सांगू? त्याची नोकरी जाईल का?

आजच त्याच्या युनिटला कळवा, सुभेदार साहेब नाहीतर सीओ (युनिटचे प्रमुख अधिकारी) साहेबांना, आणि 'जीव द्यायचं मनात येतं का' हे त्यालाही सरळ विचारा, विचारल्यानं तसा विचार डोक्यात घुसत नाही. मी 17 वर्षं फौजेत काढली म्हणून सांगतो, युनिटला कळलं की आधी रायफल काढून घेतात, गार्ड ड्यूटी बंद करतात आन् एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलात) डॉक्टरकडे पाठवतात, रायफल हातातून जाणं हीच मोठी गोष्ट आहे. त्याला बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, फौजी लोकांसाठी 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्याचा वेगळा सेलही सुरू झाला. नोकरी लगेच जात नाही, पण मेडिकल कॅटेगरी (फौजेतला तब्येतीचा दर्जा) खाली येऊ शकते आन् त्याचा प्रमोशनवर फरक पडू शकतो, हे लपवत नाही. आणि हो, शेताच्या धुऱ्याचं भांडण, सोसायटीच्या कर्जाची नोटीस हे रात्री अकराला त्याला फोनवर सांगणं बंद करा, तो तिथून काय करन, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या, आपल्या यवतमाळलाही आहे ते.