भरपूर पाणी पिऊनही पोटऱ्यांत गोळे का येतात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चंद्रपुरात सेंट्रिंगच्या कामावर आहे. मे महिन्यात दिवसाला आठ-नऊ लिटर साधं पाणी पितो, तरी संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी आणखी वाढवावं का?

उत्तर : नको. मीठ कमी पडतंय, अशी दाट शंका आहे.

उन्हात अंगमेहनत करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर एक ते साडेचार ग्रॅम मीठ. रक्तातलं सोडियम मात्र लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल एवढंच राहायला हवं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पेशींना रक्ताच्या दाटपणातला एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो. रक्त दाट झालं की तहान लागते, एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. पातळ झालं की एडीएच थांबतं, जादा पाणी लघवीवाटे जातं. मात्र मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्यात ऊन, कष्ट आणि मळमळ यांनीही एडीएच सुटतं, म्हणजे नको तेव्हा पाणी अडतं. मग सोडियम घसरतं, पाणी पेशींत शिरतं. कवटीच्या आत मेंदूला फुगायला जागा नसते, म्हणून डोकेदुखी आणि मळमळ. पोटऱ्यांतल्या गोळ्यांना मात्र स्नायूंचा थकवाही तितकाच कारण असू शकतो.

कामावर जाताना आणि आल्यावर कोरड्या कपड्यांत वजन करायला सांगा. वाढलं असेल, तर पाणी जास्त होतंय. दोन टक्क्यांहून जास्त घटलं, तर कमी. दर वीस मिनिटांनी एक पेला पुरे, तासाला दीड लिटरच्या वर कधीच नको. दुपारचं जेवण चुकवू नये. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत सोबत ठेवावं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. सुट्टीवरून परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस सर्वांत जपायचे: उन्हाची सवय झाल्यावर अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकामुळे घामातलं मीठ कमी होतं, तोवर ते वाहून जातं.

बरळणं, झटका किंवा बेशुद्धी दिसली, तर तोंडाने काहीही न देता सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा.

प्रश्न : जुलाबात ओआरएसची मोठी पुडी दोन पेल्यांत कालवली तर लवकर गुण येईल का?

उत्तर : उलट जुलाब वाढतील. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. द्रावण घट्ट झालं की पाणी उलट आतड्यातच ओढलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची 20.5 ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. लहान पुडी असेल, तर तिच्यावर छापलेलं माप पाळा. पुडी नसेल, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, लहान मुलांसाठी तर मुळीच नाही. उरलेलं 24 तासांनी फेकून द्या.