बाळाला स्ट्रोक झालाय, डॉक्टरवर केस करू का?

आर्णी तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात मुलगी झाली, जन्मताच रडली, दूध पण प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा हात सारखा झटके मारायला लागला तर नर्स म्हणे थंडी वाजत असन, संध्याकाळी नागपूरला पाठवलं आणि तिथं एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक निघाला. आता भाऊबंद म्हणतात वावर विक पण केस कर, दवाखान्याचा माणूस म्हणतो पन्नास हजार घ्या आणि या कागदावर सही करा, आणि घरात आजी म्हणते सुनेनं ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं.

भाऊ, पहिले तो कागद. सही करू नका, अंगठा पण नाही, वहिनीचाही नाही. "आमची काही तक्रार नाही" असंच काहीतरी त्यात लिहिलेलं असतं आणि उद्या तोच कागद तुमच्यासमोर ठेवतील.

आता केसचं. स्ट्रोक झाला म्हणजे डॉक्टर चुकला असं कोर्ट धरत नाही. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी गुठळीनं बंद होते, बाळंतपण नीट झालं तरी होऊ शकतं, आणि बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडतच नाही. तुमची मुलगी रडली, दूध प्यायली, त्यामुळे डिलिव्हरीत चूक होती हे दाखवणं मला अवघड दिसतं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलं हा प्रश्न मात्र खरा आहे, बालरोगतज्ञाला किती वाजता बोलावलं, शुगर तपासली का, झटक्याचं औषध दिलं का, रेफर करायला एवढा वेळ काहून लागला, तुमची केस असली तर ती इथंच आहे. त्यातही समोरचा वकील म्हणेलच की स्ट्रोक तर आधीच होऊन गेला होता, म्हणून उशिरानं नुकसान वाढलं हे दुसऱ्या तज्ञ डॉक्टरच्या लेखी मतानं दाखवावं लागेल. ते मत हातात येईपर्यंत केस करू की नको हे मी पण सांगू शकत नाही, आणि त्याआधीच जो कोणी वीस लाख मिळवून देतो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

त्या मतासाठी लागतात कागद. नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, आतली पूर्ण केसपेपरची फाइल, नर्सच्या नोंदी, औषधाचा चार्ट, रेफरची चिठ्ठी, एमआरआयची सीडी. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. तुमच्या मोबाइलमध्ये झटक्याचा व्हिडिओ असेल तर डिलीट करू नका, त्यात वेळ असते.

घाई नाही पण ढिलाई पण नको. ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे यवतमाळलाच तक्रार करता येते, आणि दवाखान्याला दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. वकिलासाठी वावर विकायची गरज नाही बाप्पा, बायका आणि लहान लेकरांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज मुलीच्या आणि वहिनीच्या नावानं करा. पोलिसात जायचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी केसला फार मोठा निष्काळजीपणा लागतो, इथं मला तो आत्ता तरी दिसत नाही. आणि भाऊबंदांना सांगून ठेवा, दवाखान्यात तोडफोड केली तर 2010 च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा लागतो आणि तुमची खरी तक्रार बाजूला राहते.

केस थांबू शकते, लेकरू थांबू शकत नाही. असा स्ट्रोक झालेल्या बाळाचा एका बाजूचा कमजोरपणा बरेचदा चार-सहा महिन्यांनी दिसायला लागतो, एकच हात वापरते, दुसऱ्याची मूठ वळलेलीच राहते. तेव्हापर्यंत वाट पाहत बसू नका, आशाताईला आत्ताच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचाराचं केंद्र असतं आणि फिजिओथेरपी फुकट होते. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार, औषध आणि ने-आण एक वर्षापर्यंत फुकट आहे. पुढं सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेनं हालचालीत येणारं अपंगत्व, निघाली तर ती 2016 च्या दिव्यांग कायद्यात बसते, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा आणि निरामय योजनेत नाव टाका, त्यात उपचाराचा 1 लाखापर्यंत विमा आहे.

आणि आजीला तुम्हीच समजवा, वहिनीनं नाही. ग्रहणानं, खाण्यानं, वाकण्यानं बाळाला स्ट्रोक होत नाही. ओल्या बाळंतिणीला आणि त्या पोरीला माहेरी लावून देऊ अशी भाषा घरात चालली असेल तर 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा वहिनीच्या बाजूनं उभा आहे, आणि तेव्हा मी पण तिच्याच बाजूनं असेन.

रेकॉर्डचा अर्ज उद्याच लिहा, दोन प्रती करा, एक दवाखान्यात देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती ठेवा. फाइल मिळाली की सगळ्या पानांची झेरॉक्स मला पाठवा.