विजेची गाडी, विम्याचा शॉक आणि आयडीव्हीची कात्री

वाचकहो, ईव्हीच्या चार्जिंगवर मागच्या वेळी इथे चार ओळी लिहिल्या आणि त्यानंतर जी पत्रं, मेसेज आले त्यात चार्जिंगचं कोणीच काही विचारलं नाही, सगळ्यांचं एकच, विमा इतका महाग का. त्यामुळे या खेपेला बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, ज्यांचे राहिले त्यांनी रागवू नका.

प्रश्न : भाऊ, मी अमळनेरला शाळेत शिक्षक आहे. मागच्या दिवाळीला टियागो ईव्ही घेतली, 24 किलोवॅट-अवर वाली, ऑनरोड साडेदहा लाखांच्या आसपास पडली. गाडी भारी शे, त्याबद्दल तक्रार नाही. आता विमा रिन्यू करायचा तर एजंटने 23,700 चं कोटेशन दिलं. माझ्या धाकट्या भावाची याच साइजची पेट्रोल गाडी आहे, तो दहा हजारात सुटतो. मग पुतण्याने मोबाईलवर शोधून मला 14,900 ची पॉलिसी काढून दाखवली, कंपनीही नावाजलेली आहे. एजंट मला लुटतोय का? स्वस्तातली घेऊन टाकू का?

सर, एजंट लुटतोय का ते दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तुम्ही दोन्हींचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलं. त्यावरूनच बोलतो.

आधी एक गैरसमज. ईव्ही म्हटलं की सगळाच विमा महाग, असं नाहीये. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठी कायद्याने घ्यावाच लागतो त्या भागाचा दर सरकारने ठरवलेला असतो, आणि जून 2022 ला जे दर ठरवून दिले त्यात ईव्हीला 15 टक्के सूट आहे. तुमच्या गाडीची मोटर 55 किलोवॅटची, म्हणून ती 30 ते 65 च्या गटात, वर्षाला 2,904 रुपये. भावाची गाडी 1200 सीसीच्या आसपास असेल तर त्याला 3,416. म्हणजे इथे तुम्हीच फायद्यात. (बरेच जण इथे बॅटरीचा आकडा बघतात आणि 24 म्हणजे 30 च्या आत, मग 1,780 च लागले पाहिजेत म्हणून भांडतात. 24 ही बॅटरीची साठवण, ती किलोवॅट-अवर मध्ये. थर्ड पार्टीचा गट मोटरच्या ताकदीवर ठरतो, ती किलोवॅटमध्ये. टाकी किती लिटरची आणि इंजिन किती सीसीचं, एवढाच तो फरक.) शिवाय नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची भरावी लागते, सप्टेंबर 2018 पासून तसा नियम आहे, म्हणजे तुमची भरलेली आहे. या कोटेशनमध्ये ती परत लावली असेल तर एजंटला बोट ठेवून विचारा.

महाग पडतं ते ओन डॅमेज, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं. आणि त्याचं कारण सीटखाली बसलंय, बॅटरी. गाडीच्या किमतीतला तिसरा हिस्सा तरी तीच खाते, कधीकधी निम्म्याच्या जवळ जाते, आणि ती बसवलेली असते गाडीच्या पोटाला, जमिनीपासून वीतभर वर.

माझ्या साडूचंच सांगतो. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला निघाले होते, एरंडोल सोडल्यावर समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाडी साइडपट्टीवर उतरवली आणि खालून खाडकन आवाज आला. गाडी चालत होती, स्क्रीनवर काही लाल-पिवळं नाही, दर्शन झालं, भंडाऱ्यात जेवण झालं, घरी आले. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला लिफ्टवर घेतली, मी सोबत होतो. खालून बघितलं तर उलट्या तव्यासारखी ती मोठी प्लेट आणि तिला एका कोपऱ्यात वाटीएवढा पोचा, बस. पेट्रोल गाडी असती तर हातोड्याने ठोकून दिलं असतं. इथे तो ॲडव्हायझर पोरगा म्हणतो सर बॅटरी पॅक आम्ही उघडत नाही, पूर्ण बदलावा लागेल, आणि एस्टिमेट हातात ठेवलं 4 लाख 80 हजार! साडू खुर्चीत बसले ते बसलेच. महिनाभर फोनाफोनी केली, मग कंपनीचा इंजिनियर येऊन तपासून गेला, आतले सेल शाबूत निघाले आणि नुसतं खालचं कव्हर बदलून काम भागलं. पण दरवेळी असं होईलच याची गॅरंटी कोण देणार, आणि विमा कंपनी प्रीमियम ठरवताना कव्हरचा विचार करत नाही, पॅकचा करते.

आता तुमचे दोन कागद. 14,900 वाल्यात दोन गोष्टी कापल्यात.

पहिली झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर. साध्या पॉलिसीत पार्ट बदलला की घसारा वजा होतो, आणि त्या तक्त्यात रबर, प्लास्टिक, टायर यांच्या रांगेत बॅटरीही बसलीय, सरसकट 50 टक्के. हा तक्ता बनला तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालची ती बारा व्होल्टची, हजार-दोन हजारांचा फरक, कोण भांडतो. तोच नियम पाच लाखांच्या पॅकला लावला की अडीच लाख तुमच्या खिशातून. म्हणून झिरो डेप तर हवंच, पण त्याच्यापुढे जाऊन विचारा की यात ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी पळवणारी ती मोठी बॅटरी, धरलीय का. हाच शब्द वापरा, किंवा हाय व्होल्टेज बॅटरी म्हणा. काही कंपन्यांचं झिरो डेप ती धरतं, काहींना वेगळं बॅटरी कव्हर जोडावं लागतं. एजंट "सगळं येतं सर" म्हणाला तर तेच वाक्य मेलवर लिहून मागा, मग बघा किती वेळ लागतो उत्तर यायला.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आणि ती कोणी बघत नाही. आयडीव्ही. म्हणजे गाडी चोरी गेली किंवा पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम. एजंटच्या कागदावर 8 लाख 90 हजार, पुतण्याच्या कागदावर 7 लाख 10 हजार. सहा महिने ते वर्षभराच्या गाडीला 15 टक्के घसारा असतो, एजंटचा आकडा त्या हिशोबाच्या जवळपास आहे. आकडा खाली ओढला की प्रीमियम उतरतो, स्वस्त पॉलिसीची निम्मी जादू हीच.

पेट्रोल गाडीत हे चालून जातं एकवेळ. ईव्हीत का नाही तर पॉलिसीत एक नियम असतो, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी दुरुस्त करत नाहीत, टोटल लॉस धरतात आणि आयडीव्ही हातात देऊन मोकळे. समजा अपघातात बॅटरी आणि पुढचा भाग मिळून साडेपाच लाखांचं काम निघालं. 8.90 च्या आयडीव्हीला मर्यादा 6 लाख 67 हजार, गाडी दुरुस्त होऊन घरी येते. 7.10 ला मर्यादा 5 लाख 32 हजार, गाडी गेली भंगारात, तुमच्या हातात 7 लाख 10 हजार (त्यातूनही कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायची ठरलेली रक्कम, कापूनच) आणि तशीच नवी घ्यायला साडेतीन लाख घालायचे कुठून? वर्षाचे आठ-नऊ हजार वाचवण्यासाठी ही कात्री आपणच आपल्या गळ्याला लावून घ्यायची. पेट्रोल गाडीत एकच पार्ट गाडीला टोटल लॉसच्या दारात नेऊन उभी करेल असं सहसा होत नाही. इथे होतं.

म्हणून माझं मत, एजंटच्या कागदावरच घासाघीस करा. आयडीव्ही आणि झिरो डेपला हात लावू नका, बाकी कापा. तुमच्या कोटेशनमध्ये पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर दिसतंय 15 लाखाचं, ते मालकाला एकदाच लागतं, बाइकच्या पॉलिसीत घेतलेलं असेल तर इथे काढायला सांगा. चावी हरवल्याचं कव्हर, सामान चोरीचं कव्हर, हे कशाला. वर्षभरात क्लेम केला नसेल तर 20 टक्के नो क्लेम बोनस लागलाय का बघा, मला त्या कागदावर तो दिसला नाही! आणि हो, 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी गेला तो वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ विम्याचा, गाडीच्या विम्यावर 18 टक्के आहेच, तेव्हा त्यावरून एजंटशी भांडू नका, त्याचं चुकलेलं नाही.

प्रश्न : रावेरहून एक शेतकरी. केळीचा बाग गावाबाहेर आहे, घरही तिथेच. गाडी शेतातल्या मीटरवरून चार्ज करतो कारण घरच्या लाइनला व्होल्टेज टिकत नाही. चार्जिंगला असताना गाडी जळाली तर विमा मिळतो का?

आग लागली तर मिळतो. आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज पडणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतंच, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. पण तुमच्याकडे आग लागण्याआधी जे होईल ते वेगळं आहे दादा. रात्री लाइट जाते, येते तेव्हा धडकन जास्त व्होल्टेज येतं, आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर उडतो. धूर नाही, जाळ नाही, गाडी नुसती चार्ज व्हायची बंद. हे झालं इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन आणि साध्या पॉलिसीत ते सरळ वगळलेलं असतं. त्याच्यासाठी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची कव्हरं, मिळतात, भिंतीवरचा चार्जर आणि केबल धरणारेही मिळतात, तुमच्या भागात ते घ्याच असं म्हणेन.

शेतीच्या मीटरचं मात्र बंद करा. पंपासाठी घेतलेल्या कनेक्शनवर कार चार्ज करणं म्हणजे ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्याला वापरणं, 2003 च्या वीज कायद्याचं कलम 126 त्यालाच आहे, आणि क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर पहिलं विचारणार प्लग कुठे लावला होता. घरचा लोड वाढवून घ्या, 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढा, अर्थिंगचा खड्डा नीट भरून घ्या. अर्थिंग नसेल तर पुष्कळ गाड्या चार्जिंग घेतच नाहीत, ते त्यांच्या शहाणपणाचं लक्षण समजा.

प्रश्न : भुसावळ. उन्हाळ्यात 45 च्या वर पारा जातो हे तुम्हाला काय सांगायचं. दोन वर्षांत माझ्या गाडीची रेंज बरीच उतरली. याचा क्लेम होतो का?

नाही होत. बॅटरी हळूहळू थकणं ही झीज, आणि झीज कुठल्याच गाडीच्या विम्यात नाही, बॅटरी कव्हर घेतलं तरी नाही. हे काम वॉरंटीचं. बऱ्याच गाड्यांना बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते, असते, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की पॅक बदलून मिळतो ते वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. सर्व्हिस सेंटरला बॅटरीची हेल्थ कागदावर काढून मागा, तोंडी "ठीक आहे साहेब" नको. एसी फुल आणि हायवेला शंभरच्या वर पळवली तर रेंज कुठल्याही गाडीची पडते, ते आधी वजा करून बघा. आणि दुपारी फास्ट चार्ज करून लगेच उन्हात उभी करत असाल तर तेवढं टाळा, निंबाखाली लावा की.

प्रश्न : धुळे. जुनी पेट्रोल गाडी विकून ईव्ही घेतोय. जुन्या पॉलिसीवर 50 टक्के नो क्लेम बोनस आहे. शोरूमवाले म्हणतात तो गाडीसोबत गेला. खरं का?

साफ खोटं. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की जुन्या विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या ईव्हीच्या ओन डॅमेजवर 50 टक्के सूट मागा. ईव्हीचा ओन डॅमेजच मोठा असल्यामुळे हा बोनस तुम्हाला जुन्या गाडीपेक्षा इथे जास्त पैसे वाचवून देईल. शोरूमवाल्याला स्वतःची पॉलिसी खपवायची असते, त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणून टेबलावर ठेवा. ज्याला जुनी गाडी विकताय त्याला सांगा की विमा त्याच्या नावावर करायला 14 दिवसांत अर्ज टाक, नाहीतर उद्या त्याने कुठे ठोकली तर फोन तुम्हाला येईल.

प्रश्न : शहादा. माझी ईव्ही खाजगी नंबरची आहे. लग्नसराईत ओळखीच्यांना भाड्याने दिली, डिझेलपुरते पैसे घेतले, तर विम्याला काय होतं?

पहिलं म्हणजे ईव्हीला डिझेल लागत नाही, सर्व्हेअरला हे कारण सांगू नका. दुसरं, हिरव्या पाटीवर पांढरे आकडे म्हणजे खाजगी, पिवळे आकडे म्हणजे भाड्याची. पांढऱ्या आकड्याच्या गाडीत भाडं घेतलं आणि अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पाहुण्याला फुकट द्या, नाहीतर देऊ नका.