वाचकांचे प्रश्न : ब्रायन मे यांचा गिटारचा आवाज

प्रश्न : 'क्वीन' या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९८३मध्ये बँडबाहेर 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' हे रेकॉर्डिंग केलं, त्यात गिटारवादक एडी व्हॅन हेलन होते. मे यांच्यासारखा आवाज माझ्या तीन पिकअपच्या (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) स्ट्रॅटवर (स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) काढता येईल का?

उत्तर : बराचसा येईल, पण आधी वायरिंग बदलावं लागेल. मे यांनी वडिलांसोबत १९६३पासून घरी बनवलेल्या 'रेड स्पेशल'मध्ये तीन 'बर्न्स' कंपनीचे पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले आहेत. प्रत्येकाला एक चालू-बंद आणि एक फेजचा (सिग्नलची दिशा उलटवणारा), असे एकूण सहा स्विच. स्ट्रॅटवर दोन पिकअप एकत्र वाजतात ते पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, म्हणून आवाज चकचकीत पण हलका येतो. सिरीजमध्ये तो जाड आणि मोठा होतो. जोडल्यावर आवाज उलट पातळ झाला, तर एक पिकअप उलट फेजमध्ये आहे. त्याच्या दोन्ही वायरी अदलाबदल करा. पिकअपला धातूचं कव्हर असेल, तर त्याची अर्थ वायर आधी वेगळी काढा, नाहीतर हम (घुरघुर) वाढेल.

गिटारच्या पुढे ट्रेबल बूस्टर (उंच स्वर वाढवणारा पेडल) आणि 'व्हॉक्स एसी३०' या अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) नॉर्मल चॅनल. बूस्टर गिटारला लागूनच हवा; मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) असलेला पेडल आला की जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा बूस्टर कर्कश होतो. अ‍ॅम्प पूर्ण व्हॉल्यूमवर ठेवून गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) गिटारच्या व्हॉल्यूमनेच कमी-जास्त करायचा. फ्लॅटमध्ये एवढ्या मोठ्या आवाजात हे शक्य नाही, तिथे अ‍ॅम्पचा आवाज दाबणारा अ‍ॅटेन्युएटर घ्याच.

पिकऐवजी (तारा छेडायच्या पट्टीऐवजी) मे सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतात. दातेरी कडेचं कुठलंही नाणं चालेल, फक्त तारा लवकर झिजतात.